दसऱ्याचा बार

अण्णांनी चाप ओढला, टोपी फुटली, आणि मी 'एक' म्हणायला तोंड उघडेपर्यंत काजूच्या बागेत बार दणाणला. फणसावरचे कावळे उडाले. माझ्या कानात शिट्टी वाजायला लागली.

"किती?" अण्णांनी विचारलं.

मी म्हटलं, अजून 'ए'सुद्धा पुरता म्हणून झाला नव्हता.

त्यांनी मान हलवली, बंदूक आंब्याच्या खोडाला टेकवली आणि ओली चिंधी गजाला गुंडाळून नळी आतून पुसायला घेतली. चिंधी बाहेर आली ती काळीकुट्ट. ती त्यांनी नाकाशी धरली, बोटांत चोळली आणि पायाशी ठेवलेल्या तीन डब्यांपैकी पहिलीकडे नाखुशीने पाहिलं. सोयरीक जमवायला निघालेला माणूस स्थळाकडे पाहतो, तसे ते आठवडाभर त्या डब्यांकडे पाहत होते.

मोजायचं काम माझं होतं. टोपी, म्हणजे घोड्याखाली बसवलेली ठिणगीच्या दारूची टिकली, फुटली की सुरू करायचं, बार झाला की थांबायचं. माझं माहेर कराडचं. सासऱ्याने सुनेला बंदुकीची दारू पारखायला बागेत उभं केलंय, हे माझ्या वडिलांना कळलं असतं तर त्यांनी पहिली एस.टी. पकडली असती. पण घरात दुसरं होतं कोण? सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. नवरा, सुहास, तालुक्याला बँकेत. पाळण्यात मनवा, सहा महिन्यांची, आणि खरं म्हणजे हा सगळा घोटाळा तिच्यामुळेच झाला होता.

तो असा. आमच्या गाळवण गावात दसऱ्याला दुपारी देवीचे तरंग देवळाबाहेर निघतात. तरंग म्हणजे रेशमी लुगडी नेसवलेले उंच देवखांब, ते माणसं कमरेशी तोलून नाचवत नेतात. पण आधी बंदुकीचा बार उठायला हवा. बार उठल्याशिवाय देवी उंबरा ओलांडत नाही. त्या बाराचा मान आमच्या पालवांच्या घराचा. ज्या बंदुकीने मान मिळाला तीच जुनी चकमकीची बंदूक वापरायची. बंदूक बदलली की मान बदलला. ती वर्षातून एकदा, दसऱ्यालाच भरायची, एरवी तिला हळदकुंकू वाहायचं. चकमक तीनदा झडायची, म्हणजे चाप तीनदाच ओढायचा. तिन्ही वेळा बार उठला नाही, तर मान पालवांचा संपला आणि शेजारच्या धुरींकडे गेला, तो कायमचा. आणि 'आम्हाला नको हा मान' असं म्हणायची सोय नव्हती, कारण ते गावाला नको म्हणणं नसून देवीला नको म्हणणं झालं असतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असा तो प्रकार होता.

आता त्यातच आणखी एक रीत अशी, की मानकऱ्याने नातवंडाचं तोंड पाहिलं की बंदूक मुलाच्या हाती द्यायची. मनवा चैत्रात झाली. म्हणजे यंदाचा बार सुहासचा.

सुहासबद्दल काय सांगू? माणूस लाख मोलाचा. पण दिवाळीत लवंगी माळेला अगरबत्ती लावायची म्हटली तरी हात लांब करून, मान उलटीकडे वळवून लावणार, आणि माळ तडतडायला लागायच्या आत ओसरीवर हजर. बँकेत कुणी दार आपटलं तरी दचकतो, असं त्याचेच सहकारी सांगत. चाळीस पावलांवरून ज्याला फटाका सोसत नाही, त्याने सगळ्या गावासमोर चकमकीची बंदूक गालाला लावायची होती. मला दोन गोष्टींची भीती वाटत होती. बार उठला नाही तर सुहासच्या नावाने गाव कायमचं बोटं मोडेल, आणि अण्णा त्या धक्क्यातून उठणार नाहीत. इतक्या वर्षांत त्यांचा बार एकदाही चुकलेला नव्हता. त्या बारावर त्यांचा ताठ कणा उभा आहे, असंच मी समजत होते.

त्यात त्या वर्षी काळी दारू मिळेनाशी झाली. तालुक्याच्या बंदुकांच्या दुकानदाराने हात वर केले. ती साठवायचे नियम फार कडक झालेत, म्हणाला, मी ठेवतच नाही. हल्ली ही बदली दारू चालते. धूर कमी, वास कमी, धोका कमी. तीन कारखान्यांच्या तीन डब्या त्याने पुढे केल्या. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असंच मला त्या चकचकीत डब्या पाहून वाटलं. सुहासने विचारलं, गेल्या वर्षीची काळी दारू थोडी उरली असेल की, निदान तेवढ्यावर भागवू. अण्णा म्हणाले, ती पावसात ओल लागून गेली.

म्हणून ही परीक्षा. मानाची बंदूक दसऱ्याआधी भरायची नाही, तेव्हा डुकरं हाकायला परवान्यावर घेतलेली शेतातली ठासणीची बंदूक बाहेर काढली. नुसती दारू आणि वर काथ्याचा बोळा, छर्रे नाहीत, कारण देवीलाही नुसता आवाजच लागतो.

पहिली डबी उठत होती, पण नळीत काजळी धरत होती. तिसऱ्या चौथ्या बाराला बोळा आत जाईना. अण्णांनी ती बाजूला ठेवली.

दुसऱ्या डबीची गोष्ट वेगळी. टोपी फुटली आणि मी मोजायला लागले. "एक," मी म्हटलं. बार नाही. "दो—" म्हणता म्हणता झाला. मला त्यात विशेष काही वाटलं नाही, उशिरा का होईना, झाला की. पण अण्णांकडे पाहिलं तर त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं होतं. बंदूक आभाळाकडे धरलेली तशीच. बऱ्याच वेळाने त्यांनी ती खाली घेतली, डबी उचलली आणि सगळीच्या सगळी पाण्याच्या बादलीत उपडी केली.

"ही माणसाक खाईत," ते म्हणाले.

मी म्हटलं, अहो, निदान पैसे तरी परत मागितले असते. त्यांनी ऐकलंच नाही. बादली घेऊन ते व्हाळाकडे, म्हणजे ओढ्याकडे, निघून गेले.

तिसरी डबी मात्र सरळ निघाली. टोपी फुटली की बार, टोपी फुटली की बार, मला तोंड उघडायचीही फुरसत नाही. अण्णांनी तिला उन्हात ठेवून पाहिलं, मग रात्रभर अंगणात दवात ठेवून पाहिलं. बार तसाच. मी मनातल्या मनात देवीला नारळ बोलून टाकला. मला वाटलं आता अण्णा हसतील, पण ते डबी घेऊन गोठ्याकडे निघाले. दुपारी गोठ्यामागून टक् टक् असा दगडाचा आवाज येत होता. काय करताय म्हणून विचारलं तर म्हणाले, चकमकीची गार तासतोय. पुष्कळ वेळ टकटक चालली. परत आले तेव्हा चेहरा मोकळा होता.

"हीच," ते म्हणाले आणि डबी भिंतीतल्या देवळीत ठेवली.

सुहास संध्याकाळी आला. आल्या आल्या त्याने मनवाला नाही, डबीला हात लावला. म्हणाला, "अण्णा, उठात ना बार?"

"तू फकत बंदूक आभाळाकडे धर," अण्णा म्हणाले. "बाकीचा माझ्यार सोड. आणि काय झाला तरी ती खाली घेव नको. माझो हात असात नळयेखाली."

सुहासने मान डोलावली. रात्री मला म्हणाला, की अण्णांनी इतकी मेहनत घेतलीय, आता मी कच खाल्ली तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. मी म्हटलं, तू फक्त चाप ओढ रे, बाकी दारू बघून घेईल. त्या डबीवर माझाही इतका विश्वास बसला होता.

दसऱ्याला आभाळ स्वच्छ होतं. देवळासमोर गाव जमला होता. मी मनवाला कडेवर घेऊन बायकांत उभी होते. पहिल्या वर्षी बापाने बंदूक भरायची आणि मुलाने उडवायची, अशी रीत. अण्णांनी सगळ्यांसमोर नळीत दारू घातली, काथ्याचा बोळा ठासला, मग चकमकीखालच्या खोलगट पत्र्यावर चिमूटभर दारू ठेवली. त्या चिमटीला रंजक म्हणतात. गार घासून ठिणगी पडते, ती रंजक पेटवते, रंजक नळीच्या बाजूच्या बारीक भोकातून, म्हणजे कानातून, आतली दारू पेटवते आणि बार होतो. हे सगळं मला त्या दिवशी पहिल्यांदा जवळून दिसत होतं.

सुहासने बंदूक घेतली. फेटा त्याला मोठा झाला होता, कपाळावर घसरत होता. पलीकडे धुरींचा बाबी आपली टोपीची बंदूक घेऊन उभा होता. धुरी दरवर्षी बंदूक भरून आणायचे आणि दरवर्षी तशीच घरी न्यायचे. पिढ्यान्‌पिढ्यांचा रिवाज होता तो. ढोल थांबला. सुहासने चाप ओढला.

खट् झालं, ठिणग्या पडल्या, आणि काही नाही.

"एक," मी म्हटलं. आठवड्याभराची सवय, तोंडातून आपोआप गेलं. मग दोन, मग तीन. मोजणं काही थांबेना, कारण थांबवणारा बारच होत नव्हता. सुहासचे हात बंदुकीसकट खाली यायला लागले, पण अण्णांचा पंजा नळीखाली होता आणि तो हलत नव्हता. ढोलाचं एक आवर्तन होईपर्यंत तसंच थांबायचं, ही रीत. ते आवर्तन मला संपता संपेना.

अण्णांनी रंजक झटकली, नवी ठेवली. खट्. पुन्हा काही नाही. माझ्या शेजारची म्हातारी पुटपुटायला लागली आणि कुणीतरी तिला गप्प केलं. पुन्हा ढोल, पुन्हा अण्णांचा तो हात. मी सुहासकडे पाहत होते. घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला होता, आणि मला वाटत होतं की जाऊन त्याच्या हातातली ती बंदूक काढून घ्यावी, मग मान गेला खड्ड्यात.

तिसरी चकमक झडली. ठिणग्या पडल्या, विझल्या. सगळा गाव कानात प्राण आणून उभा होता. ढोलाचं आवर्तन संपलं.

गावचे प्रमुख, गावकर, म्हातारे होते. ते पुढे आले, देवळाकडे हात जोडले आणि म्हणाले, "देवीन पालवांचो बार घेवक नाय. आता धुरींनी करूचो."

बाबी धुरीने बंदूक वर केली. बार असा दणाणला की मनवा कडेवर किंचाळली. ढोल कडाडले, तरंग उंबऱ्याबाहेर पडले आणि गाव त्यांच्यामागे आपट्याकडे वाहत गेला. एका क्षणात आमच्याकडे कुणी पाहीनासं झालं. सुहास तिथेच उभा होता. मी जवळ गेले तर म्हणाला, तू अण्णांना घेऊन घरी जा, मी तरंगांबरोबर जातो. नाही गेलो तर लोक म्हणतील पालव रुसले.

घरी येताना मी अण्णांच्या मागे मागे चालत होते. ते कुठे पडतील म्हणून माझं लक्ष त्यांच्या पायांवर. मनात दुकानदाराचा उद्धार चालला होता. उद्याच्या उद्या तालुक्याला जाते आणि ती डबी त्याच्या टेबलावर आपटते, असा बेत ठरला होता. अण्णांनी अंगणात बंदूक आडवी धरून नळीत कळशीभर पाणी ओतलं, आतली दारू धुऊन काढली, बंदूक पुसून जागेवर ठेवली. हात धुतले. आणि म्हणाले, "नयना गो, वडे झाले काय?"

मी पान वाढलं. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर. अण्णा जेवायला बसले आणि जेवले ते असे, की मी पाचव्या वड्यानंतर मोजायचं सोडलं. दसऱ्याच्या दिवशी हा माणूस घासभर भात चिवडून उठतो, हे मी दोन वर्षं पाहिलं होतं. मला वाटलं, धक्क्याने डोकं फिरलं की काय यांचं.

ते हात धूत होते तेवढ्यात बाबी धुरी आला. अंगणातच वाकला आणि अण्णांच्या पायांवर डोकं ठेवलं. रडवेला झाला होता बिचारा. म्हणाला, "अण्णानू, माका कायच समजना नाय. काल तुमीच दिल्यात त्या दारून आमचो बार झालो. आणि तुमचो..." अण्णांनी त्याच्या पाठीवर थोपटलं, म्हणाले, देवीची इच्छा, दरवर्षी टोपी कोरडी ठेव म्हणजे झालं. त्याला वडे बांधून दिले आणि वाटेला लावलं.

मी दारातच उभी होते.

"अण्णा, तुम्ही त्याला दारू दिलीत?"

"दिलंय."

"तिसऱ्या डबीतली?"

"अर्धी."

"मग त्याची उठली आणि आपली का नाही? दारू तीच."

अण्णा ओसरीवर बसले. मला समोर बसायची खूण केली. मग अगदी शांतपणे, पावसापाण्याची गोष्ट सांगावी तसं त्यांनी सांगितलं. टोपीची आग मोठी असते, ती ही बदली दारू पेटवते. चकमकीची ठिणगी बारीक. काळी दारू तेवढ्यावर भडकते, ही नाही भडकत. शेतातल्या बंदुकीत ती सोन्यासारखी, मानाच्या बंदुकीत राखेसारखी. मानाची बंदूक आधी भरायचीच नाही असा दंडक असल्यामुळे हे गावात कुणाला कधी कळलंच नसतं.

"गोठ्यामागे ती टकटक..." मी म्हटलं.

"कौलार चिमूटभर घालून बघी होतंय. दहा खेपो ठिणगी पाडलंय. एकय दाणो पेटाक नाय."

"आणि जुनी काळी दारू?"

"ती मियाच व्हाळात ओतलंय."

मी उठलेच. माझा आवाज चढला. सुहासला सगळ्या गावासमोर उभं केलंत, त्याचा घामाने जीव गेला, माझा गेला, आणि हे सगळं तुम्हाला आधीपासून माहीत होतं? सासऱ्याशी असं मी आधी कधी बोलले नव्हते, नंतरही नाही. माझं संपल्यावर त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. तो भाईकाकांचा फोटो, अण्णांच्या मोठ्या भावाचा. काळा चष्मा लावलेला. काजूची फांदी लागून त्यांचा डोळा गेला, असं मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. सुहासलाही तेच माहीत होतं.

"भाईक फांदी लागाक नाय," अण्णा म्हणाले. "तेचो पयलो दसरो होतो. चकमक झडली, बार नाय. भाईन बंदूक खाली घेतल्यान, काय झाला म्हणान कानाकडे वाकान बघूक गेलो, आणि तेवढ्यात बार इलो. कानातली आग सरळ डोळ्यात."

"बार उठलो म्हणान मान रवलो," ते म्हणाले. "भाईक देवळाच्या ओसरीर झोपवल्यानी आणि तरंग भायर काढल्यानी. दुसऱ्या वर्साक बंदूक माझ्याकडे इली."

गावातली जुनी माणसं जाणून होती, ते म्हणाले, पण बोललं कुणीच नाही. मानकऱ्याच्या डोळ्याविषयी बोलणं म्हणजे देवीला बोल लावणं. भाईकाका स्वतःही फांदीच सांगत आले. मनवा जन्मली त्या दिवशी दवाखान्यात सगळे पेढे वाटत होते आणि अण्णांच्या डोक्यात एकच, की आता बंदूक सुहासच्या हातात जाणार. नको म्हणता येत नव्हतं. देवीनेच काढून घेतला तर मात्र कुणाला बोलायला जागा नव्हती.

"देवीक आवाज होयो," ते म्हणाले. "तो पालवांच्याच बंदुकीचो होयो, असा ती माका कधी सांगाक येवक नाय. धुरयांची बंदूक टोपयेची, तिका उघडो कान नाय. बाबीचो डोळो जाऊचो नाय."

मी विचारलं, पण उठला असता तर? त्या दुसऱ्या डबीसारखा उशिरा उठला असता तर?

"म्हणान तर सगळी परीक्षा," अण्णा म्हणाले. "उठली तर उठली, ती दारू बरी. उठात की नाय ह्याचो नेम नाय, ती वायट. आणि ही उठूचीच नाय, ह्याचो माका पुरो भरवसो होतो. तरी हात नळयेखाली ठेवलंय."

माझा जीव भांड्यात पडला, असं म्हणतात तसंच झालं, आणि तो पडल्यावर मला कळलं की तो चैत्रापासून टांगणीला लागला होता. मी पदर तोंडाला लावून रडले आणि रडता रडता हसूही यायला लागलं. अण्णा अवघडून बसले होते. म्हणाले, पोरीला भूक लागली असेल, बघ.

सुहास दिवेलागणीच्या आधी आला. हातात आपट्याची पानं. कुणाशी न बोलता पाय धुतले, ओसरीवर आला, अण्णांच्या हातात सोनं दिलं आणि पायांवर वाकला. वाकला तो उठेचना.

"अण्णा, माझ्या हातात येवन मान गेलो," तो म्हणाला.

मी दारातून अण्णांकडे पाहिलं. सांगणार की नाही सांगणार, मला अंदाज येईना. देवीच्या इच्छेवर सोडून दिलं असतं तरी चाललं असतं, सुहासने ते आयुष्यभर मानलंही असतं, आणि आयुष्यभर मान खाली घालून फिरला असता.

अण्णांनी त्याला दंडाला धरून उठवलं, शेजारी बसवलं. "तुझ्या हातान जावक नाय," ते म्हणाले. "मिया घालवलंय." आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, ठिणगीचं, व्हाळात ओतलेल्या दारूचं, भाईकाकांच्या डोळ्याचं. माझ्याशी बोलताना ते शांत होते. सुहासशी बोलताना दोनदा थांबावं लागलं.

सुहासने हातातली उरलेली पानं ओसरीच्या कडेला ठेवली. मग म्हणाला, "माका सांगूक काय झाला होता?"

"सांगलं असतंय तर तू खयसून तरी काळी दारू पैदा केलं असतंस. पालवाचो झील तू."

ते खरं होतं, पालवांचाच मुलगा तो. सुहासलाही ते पटलं असावं, कारण त्याने वाद घातला नाही. शेजारच्या अंगणात कोंबड्या डालल्या जात होत्या. देवळाकडून अजून ढोल ऐकू येत होता, आता पुष्कळ सैल, कुणी तरी हौसेने वाजवत असल्यासारखा.

"एक सांगू, अण्णा?" सुहास म्हणाला. "तीनय खेपेक माझे डोळे मिटलेले होते."

मला वाटलं आता अण्णा त्याला समजूत घालणारं काहीतरी बोलतील. इतकी वर्षं ज्यांचा बार चुकला नाही, ज्यांचं नाव निघालं की गाव 'पालवांचो अण्णा' म्हणून छाती काढतं, ते आपल्या मुलाकडे वळले.

"माझेय," ते म्हणाले. "दरवर्सा."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आधी सुहास हसला, मग अण्णा. अण्णांना असं पोट धरून हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते. मी आत गेले, राहिलेलं पीठ घेतलं आणि आणखी वडे तळायला बसले.